करार, तारण, खंडणी : कॅल्व्हिनची शिकवण आणि दप्तराची मराठी

भीमाशंकरच्या देवळाजवळ टांगलेली मोठी घंटा बहुतेक वाचकांनी पाहिली असेल. चिमाजी अप्पांनी १७३९ साली पोर्तुगीजांकडून वसई घेतली, तेव्हा तिकडच्या चर्चमधल्या घंटा घाटावर आल्या, त्यांतली ही एक. वाईजवळ मेणवलीच्या घाटावर तिची बहीण आहे. येणारे भाविक तिच्या अंगावरच्या ख्रिस्ती खुणा बघतात, फोटो काढतात आणि पुढे दर्शनाच्या रांगेला लागतात. आमच्या डोंगरात ख्रिस्ती धर्माची आठवण म्हटली की ही घंटा, एवढेच समीकरण आहे.

दुसरी एक आठवण या खोऱ्यात आहे, ती पुस्तकांची. तिला आवाज नसल्यामुळे ती कोणाच्या लक्षात नाही. घंटा कॅथलिकांची, ही पुस्तके प्रॉटेस्टंटांची, आणि त्यातही कॅल्व्हिनच्या परंपरेतल्या मिशनऱ्यांची. त्यांच्याविषयी मी लिहावे असे खरे तर काही कारण नाही. मी ख्रिस्ती नाही. माझे शिक्षण बारावीपर्यंतचे. घोडेगावला कचेरीबाहेर टेबल टाकून मी गेली अठ्ठावीस वर्षे दस्त लिहितो. साठेखत, गहाणखत, हक्कसोड, मृत्युपत्र. मोडी शिकलो तीही जुने कागद वाचता यावेत म्हणून. पण या धंद्यामुळेच ही पुस्तके माझ्या हाताला लागल्यावर सुटेनात, ते कसे ते सांगतो.

मंचरच्या एका रद्दीवाल्याकडे जुनी कागदपत्रे आली आहेत असा निरोप आला म्हणून गेलो होतो. त्या ढिगात पुठ्ठा आणि पहिली पाने गेलेले एक छोटे पुस्तक होते. ख्रिस्ती धर्माची शिकवण प्रश्न आणि उत्तर अशा रीतीने मांडलेली. रात्री घरी वाचायला बसलो. देवाने माणसाशी केलेला करार, त्या कराराचा जामीन, स्वर्गातले वतन, त्या वतनाचा विसार, दत्तक घेतलेली मुले, वारसांचा हक्क. दोन पाने झाली आणि मला हसू आले. हे पुस्तक धर्माचे आहे की दुय्यम निबंधकाच्या कचेरीतले? दिवसभर मी जे शब्द स्टॅम्प पेपरवर लिहीत होतो, तेच इथे आत्म्याविषयी बोलत होते.

तिथून मग मराठी बायबल, त्यावरच्या टीका, जुने ‘ज्ञानोदय’चे अंक, मिळेल ते वाचत गेलो. या लेखात सांगायचे आहे ते एवढेच की, युरोपातला एक कडक, कायदेशीर वळणाचा धर्मविचार मराठीत आला तो पुराणांच्या भाषेतून फारसा आला नाही, तो आला कुलकर्ण्याच्या दप्तराच्या भाषेतून. त्याने काय साधले आणि काय बिघडले, हे पाहण्यासारखे आहे.

आधी हा विचार कोणता ते थोडक्यात. सोळाव्या शतकात लूथरने रोमच्या पोपविरुद्ध बंड केले, ते आपण शाळेत शिकतो. त्याच्या मागच्या पिढीतला जॉन कॅल्व्हिन (१५०९–१५६४) हा फ्रान्सचा. त्याने जिनीव्हा शहरात राहून त्या बंडाला शिस्त आणि ग्रंथ दिला. त्याचा मुख्य ग्रंथ १५३६ साली प्रथम निघाला आणि १५५९ पर्यंत वाढत गेला. हा मनुष्य मुळात वकिलीचे शिक्षण घेतलेला होता. ऑर्लेआं आणि बूर्ज या ठिकाणी त्याने कायदा शिकला. हे कळले तेव्हा मला बरे वाटले, आपल्याच गल्लीतला माणूस निघाला.

या परंपरेला इंग्रजीत ‘रिफॉर्म्ड’ म्हणतात. मराठीत तिला ‘सुधारित’ म्हणावे तर बियाण्याची आठवण येते, ‘सुधारक’ म्हणावे तर आगरकरांची, म्हणून मी रिफॉर्म्ड हाच शब्द ठेवतो. तिचा गाभा असा : माणूस स्वतःच्या पुण्याईने सुटू शकत नाही. देव आपल्या मर्जीने त्याला निवडतो. ही निवड आणि सुटका एका कराराच्या रूपाने होते, आणि चर्चचा कारभार एकट्या बिशपाकडे न राहता निवडलेल्या वडीलधाऱ्यांच्या हाती असावा. स्कॉटलंडने १५६० मध्ये हे मत स्वीकारले. पुढे लंडनला वेस्टमिन्स्टर येथे जमलेल्या सभेने त्याची व्यवस्थित कलमे केली. १६४७ मध्ये तयार झालेल्या तिच्या लहान प्रश्नोत्तरीत १०७ प्रश्न आहेत. स्कॉटलंडची पोरे ते तोंडपाठ करीत, आपल्याकडे पाढे म्हणत तसे.

आता महाराष्ट्राकडे वळू. श्रीरामपूरला बसून १८०५ मध्ये मराठीचे व्याकरण छापणारा विल्यम कॅरी बाप्टिस्ट होता, पण कॅल्व्हिनच्या वळणाचा. १८१३ मध्ये मुंबईत उतरलेले गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट हे न्यू इंग्लंडच्या प्युरिटनांचे वारसदार. त्यांच्या अमेरिकन मराठी मिशनने मुंबईत छापखाना घातला, १८२६ मध्ये संपूर्ण नवा करार आणि १८४७ मध्ये संपूर्ण बायबल मराठीत आणले. १८४२ मध्ये अहमदनगरला ‘ज्ञानोदय’ सुरू केले, तेही त्यांनीच. (याच छापखान्यात टॉमस ग्रॅहमच्या हाताखाली खिळे पाडण्याच्या कामात तयार झालेला एक गरीब पोरगा म्हणजे निर्णयसागरचे जावजी दादाजी. आपल्या घरातल्या पोथ्यांची सुबक अक्षरे कुठून आली, हे विसरू नये.) स्कॉटिश मिशनरी १८२३ पासून कोकणात बाणकोट-हर्णैला आणि पुढे पुणे-मुंबईला. त्यांतले जॉन विल्सन सर्वांना माहीत आहेत. जॉन स्टीव्हन्सन यांनी १८३३ मध्ये मराठी व्याकरण लिहिले आणि पुढे सह्याद्रीतल्या लेण्यांचे शिलालेखही वाचले. आमच्या जुन्नरला मात्र १८४६ मध्ये ठाणे दिले ते चर्च मिशनरी सोसायटीने. ती अँग्लिकन, म्हणजे बिशप मानणारी. पण तिच्या चर्चची एकोणचाळीस कलमे वाचली तर कॅल्व्हिनचा हात तिथेही जाणवतो.

ही सगळी मंडळी आपापसांत भांडतही. १८४३ मध्ये स्कॉटलंडचे चर्च फुटले आणि विल्सन आपल्या सहकाऱ्यांसह फ्री चर्चकडे गेले. पण पुस्तकांचे शब्द सगळ्यांचे जवळजवळ एकच राहिले, कारण सगळ्यांच्या हातात बायबल एकच होते.

आता तुलनेसाठी जरा मागे जाऊ. गोव्यात फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ मध्ये ‘ख्रिस्तपुराण’ छापले. जेझुइट पंथाचा इंग्रज माणूस, पण लिहिले ओवीत आणि नावच पुराण. त्यांच्या स्वर्गाला वैकुंठ म्हणायला त्यांना अडचण वाटली नाही. दोनशे वर्षांनी आलेल्या प्रॉटेस्टंटांना मात्र असे शब्द विटाळल्यासारखे वाटत. मोक्ष म्हटले की पुनर्जन्म मागे येतो, अवतार म्हटले की दहा अवतार. मग शब्द आणायचे कुठून? त्यांच्या पदरी असलेले पंडित पेशवाईच्या दप्तराच्या छायेत वाढलेले. १८३१ मध्ये मोल्सवर्थचा कोश निघाला तो उघडून पाहा, महसूल, गहाण, जामीन, वतन यांच्या शब्दांनी तो भरलेला आहे. त्या काळच्या मराठीत नेमके, काटेकोर, वादात टिकणारे गद्य होते ते मुख्यतः कागदपत्रांचे. कायद्याच्या भाषेत विचार करणाऱ्या धर्माला ते आयते सापडले.

यातला पहिला शब्द ‘करार’. हिंदीत बायबलच्या दोन भागांना ‘नियम’ म्हणतात, बंगालीतही ‘नियम’. मराठी आणि गुजराती म्हणतात ‘करार’. नियम वरून येतो, करार दोघांत होतो. रिफॉर्म्ड विचाराचा मध्यबिंदू करार हाच असल्यामुळे, मराठी ख्रिस्ती माणूस आपल्या धर्मग्रंथाचे नाव घेतानाच नकळत त्यांची भाषा बोलतो.

पण दस्तलेखक म्हणून मला इथे एक हरकत नोंदवायची आहे. मूळ ग्रीक शब्द आहे ‘दियाथेके’. दोन बरोबरीच्या पक्षांनी घासाघीस करून केलेल्या तडजोडीला ग्रीकमध्ये ‘सिन्थेके’ असा वेगळा शब्द होता. दियाथेके म्हणजे एकाने आपल्या इच्छेने करून ठेवलेली व्यवस्था, आणि रोजच्या व्यवहारात त्याचा अर्थ चक्क मृत्युपत्र. लॅटिनने तेच धरले, म्हणून ‘टेस्टामेंट’. हिब्रू लोकांस पत्राच्या नवव्या अध्यायात लेखक या दोन अर्थांवर खेळतो : करार म्हणता म्हणता तो म्हणतो की, करणाऱ्याच्या मृत्यूशिवाय हा दस्त अमलात येत नाही. तिथे मराठी भाषांतरकाराला ‘करार’ सोडून ‘मृत्युपत्र’ लिहावेच लागले. वाचणारा मात्र गोंधळतो की हे मधेच कुठून आले. वेस्टमिन्स्टरच्या सभेला हे माहीत होते. तिच्या सातव्या प्रकरणात देवाचा माणसाशी करार सांगताना त्याला मृत्युपत्र का म्हटले जाते याचे वेगळे कलम आहे.

आपल्या १८७२ च्या कायद्याप्रमाणे मोबदल्याशिवाय केलेला करार, काही अपवाद सोडता, रद्दबातल. आणि रिफॉर्म्ड पुस्तके तर ओरडून सांगतात की माणसाकडे देण्यासारखे काही नाही, मोबदला शून्य. मग हा करार कसला? आमच्या भाषेत हे बक्षीसपत्र झाले. बक्षीसपत्रात आम्ही लिहितो की, कोणताही मोबदला न घेता, प्रेमापोटी व आपुलकीपोटी. मात्र १८८२ च्या कायद्याने बक्षीस घेणाऱ्याने ते स्वीकारावे लागते, नाहीतर दस्त पुरा होत नाही. आणि नेमक्या याच मुद्द्यावर हॉलंडमध्ये १६१८–१९ साली डॉर्ट गावी मोठी सभा भरली. माणूस आपल्या इच्छेने स्वीकारतो की नाकारतो, यावर निकाल अवलंबून आहे, असे एक पक्ष म्हणत होता. सभेने सांगितले, नाही, स्वीकारणारा हातसुद्धा देणाऱ्यानेच दिलेला असतो.

हे पहिल्यांदा वाचले तेव्हा मला पटले नाही, आजही पुरते पटलेले नाही. पण समजले ते सातबाऱ्यामुळे. जमीन लहान मुलाच्या नावावर असली की सातबाऱ्यावर ‘अ.पा.क.’ लिहितात, अज्ञान पालनकर्ता. कायद्याच्या मराठीत लहान मूल म्हणजे ‘अज्ञान’. त्याच्या वतीने बक्षीस स्वीकारतो पालक. मालक मूलच, सही दुसऱ्याची. कॅल्व्हिनच्या मताने माणूस देवापुढे असा अज्ञान आहे. एका पाळकसाहेबांना मी हे सांगितले तर ते म्हणाले, “काका, तुम्ही रविवारी या, हे वेदीवरून सांगा.” मी गेलो नाही, तो माझा प्रांत नव्हे.

‘जामीन’ हा शब्द आणखी बोलका. पेशवाईत जामिनाचे प्रकार होते. हजीरजामीन माणूस हजर करण्याची हमी घेई, मालजामीन पैशाची, फैलजामीन चांगल्या वागणुकीची. येशू कराराचा जामीन आहे असे मराठी वाचक वाचतो तेव्हा, कर्ज बुडाले तर जामीनदाराच्या घरावर टाच येते हे त्याला कोणी शिकवावे लागत नाही. पुणे जिल्ह्यातल्या शेतकऱ्याला तर नाहीच. १८७५ च्या मे महिन्यात सुप्याला सुरू झालेल्या दंग्यात शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे हुडकून काढून जाळले. कलस्सैकरांस लिहिलेल्या पत्रात पौलाने हीच प्रतिमा वापरली आहे : आपल्याविरुद्धचा हाताने लिहिलेला रोखा रद्द करून वधस्तंभाला खिळला. नगर-पुण्याच्या बाजूच्या उपदेशकांनी त्या वर्षी हा उतारा घेतला असेल की मुद्दाम टाळला असेल, याचे मला फार कुतूहल आहे.

‘तारण’ या शब्दात दोन्ही अर्थ शेजारी शेजारी नांदतात. मंडळीत तारण म्हणजे पापातून सुटका. सोसायटीत तारण म्हणजे कर्जापोटी ठेवलेली वस्तू. माझ्या टेबलावर दुसराच अर्थ चालतो.

‘खंडणी’चे तसे नाही, तिचे दिवस वाईट आले आहेत. येशूने आपला जीव पुष्कळांसाठी खंडणी म्हणून दिला, असे मार्कच्या शुभवर्तमानात मराठीत आहे. अठराव्या शतकात खंडणी हा राजकारणाचा प्रतिष्ठित शब्द होता. मुलूख वाचवायचा तर चढाई करून आलेल्या बलवानाला ठरलेली रक्कम द्यायची. प्रश्न तेव्हाही होताच की ही खंडणी पोचली कोणाला? जुन्या काळी ओरिजेन म्हणाला, सैतानाला. अकराव्या शतकाच्या शेवटी अँसेल्मने ते खोडून सांगितले की देणे देवाचेच होते. रिफॉर्म्ड पुस्तके अँसेल्मच्या वाटेने जातात आणि म्हणतात, देवाच्या न्यायाला. पण मराठी शब्दात घेणारा नेहमी घोड्यावर बसलेला, हत्यारबंद असतो. आज तर वर्तमानपत्रातली खंडणी म्हणजे व्यापाऱ्याला आलेला गुंडाचा फोन. त्याच पाळकसाहेबांनी सांगितले की तरुण मुले हे वचन आले की एकमेकांकडे बघतात. शब्द बदलावा का? ‘मुक्तिमूल्य’ केले तर अर्थ सुरक्षित राहील, पण त्यातून रक्त जाईल. मी तिथे निर्णय देणार नाही.

सगळ्यात अवघड आहे तो ‘वतन’. जुन्या करारात इस्राएलच्या वंशांना मिळालेली भूमी ती वतन. नव्या करारात विश्वासणाऱ्याला स्वर्गात मिळणार तेही वतन, आणि पवित्र आत्मा त्याचा विसार. देशमुख-पाटलाच्या कानाला हा शब्द गोड. पण नगर-पुण्याच्या मंडळ्यांत बहुसंख्य लोक महार आणि मांग समाजातून आलेले. महाराचे वतन म्हणजे काय, हे या खोऱ्यातल्या जुन्या माणसांना विचारा. रात्री-अपरात्री सरकारी टपाल पोचवणे, मेलेली जनावरे ओढणे, दारोदार भाकर मागणे, आणि त्या बदल्यात एक तुकडा जमीन, जी सोडताही येत नाही आणि पोटही भरत नाही. डॉ. आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात या वतनांविरुद्ध बिल आणले, ते त्यांना हा गळफास वाटत होता म्हणूनच. ही वतने अखेर गेली १९५८ च्या कायद्याने.

तर अशा माणसाला पुस्तक सांगत होते की तुझ्यासाठी वर वतन राखून ठेवले आहे. त्याला काय ऐकू आले असेल? मी दोन्ही बाजूंनी विचार केला आहे. एक तर, जे इथे फक्त दुसऱ्याच्या नावाचे होते ते तिथे माझ्या नावावर चढले, असा मान. पाटलाच्या बरोबरीने वारस. दुसरे म्हणजे, वतन म्हटले की चाकरी आलीच, म्हणजे वरही तेच. यात भर म्हणजे, धर्म बदलला की वडिलार्जित मिळकतीवरचा हक्क जाण्याची भीती खरी होती. १८५० चा एकविसावा कायदा झाला तेव्हा कुठे धर्मांतराने वारसा बुडत नाही असे ठरले. म्हणजे त्याआधी बाप्तिस्मा घेणारा वरच्या वतनासाठी खालचे पणाला लावत होता. हे लक्षात घेतले तर त्या पानांवरचा कोरडा कायदेशीर शब्द कोरडा राहत नाही.

दप्तराच्या भाषेत जे मावत नव्हते ते संतांकडून घ्यावे लागले. ‘कृपा’ला दुसरा शब्द कोणालाच सापडला नाही. उलट ‘निवड’ समजावताना लेखकांची तारांबळ उडते, कारण देवाने आधीच नेमले आहे म्हटले की ऐकणारा म्हणणार, “म्हणजे नशीब, ते आम्हाला ठाऊक आहे.” कर्म, प्रारब्ध आणि ही निवड यांत फरक आहे हे सांगण्यात मग बरीच शाई जाते. या कामी परदेशी मिशनऱ्यांपेक्षा इथले लेखक सरस. बाबा पदमनजी (१८३१–१९०६) यांची ‘यमुनापर्यटन’मुळे कादंबरीकार म्हणून आठवण ठेवली जाते, पण ते फ्री चर्चचे दीक्षित पाळक होते, कोशकार होते आणि १८७७ मध्ये त्यांनी नव्या करारावर मराठीत टीका लिहिली. पुढे केडगावच्या पंडिता रमाबाईंनी साध्या बायकांना कळावे म्हणून बायबलचे स्वतंत्र भाषांतर केले, ते त्यांच्या मृत्यूनंतर १९२४ मध्ये निघाले. मराठी साहित्याच्या इतिहासात या दोघांच्या धार्मिक कामाला एक-दोन ओळी मिळतात, हे मला अन्यायाचे वाटते.

मंडळीच्या कारभाराविषयी थोडेसे. प्रेस्बिटेरियन पद्धतीत कारभार पाहणाऱ्याला मराठीत ‘वडील’ म्हणतात. तिशीतला माणूसही निवडून आला की वडील होतो, आणि घरी त्याचे खरे वडील वेगळेच असतात. यावर ख्रिस्ती घरांतून विनोद चालतात. पण गमतीपलीकडची गोष्ट अशी की, ज्या गावात पाटीलकी, कुलकर्ण, चौगुलकी सगळे जन्माने ठरत होते, त्या गावात एक पद मताने भरायचे, ही कल्पना या पुस्तकांनी आणली, लोकल बोर्डाच्या निवडणुका येण्याआधी. मंडळीतही जात शिरली नाही असे नाही, पण कागदावर तरी नियम तो होता. १९७० मध्ये नागपूरला उत्तर भारत चर्च स्थापन झाले आणि जुन्नरची अँग्लिकन परंपरा, नगरची अमेरिकन आणि पुण्याची स्कॉटिश या एका छपराखाली आल्या. जुन्या वादांची पुस्तके तेव्हापासून कोणाला लागेनाशी झाली. ती कपाटातून पेटीत, पेटीतून पोटमाळ्यावर आणि तिथून रद्दीत गेली. एका ग्रंथालयात अशी पेटीभर पुस्तके मी पाहून आलो होतो. वर्षभराने गेलो तर जागा हवी म्हणून ती काढून टाकली होती. कोणाला दिली, याची नोंद नव्हती.

माझ्याकडच्या त्या पुठ्ठा गेलेल्या पुस्तकाच्या शेवटी एक कोरे पान आहे. त्यावर मोडीत तीन ओळींचा हिशेब आहे, शाई फिकी. पहिल्या ओळीत हिरडा, त्यापुढे मण आणि शेर. दुसऱ्या ओळीत रुपये-आणे जमा. तिसऱ्या ओळीत ‘बाकी’ एवढे वाचता येते. पुढचा आकडा कसरीने खाल्ला आहे. पुस्तकाचा मालक हिरडा विकणारा होता की घेणारा, ते त्या तीन ओळींवरून मला अजून लावता आलेले नाही.